कुत्रा जिवंत असल्याचा दाखला

आमच्या मंदाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे एकोणऐंशी, महिना वैशाख. त्या साली देशात काय काय घडलं ते मला विचारू नका. लग्नाला दहा दिवस उरले होते आणि मला कुत्रा चावला, एवढंच मला आठवतं.

चावला त्यात कुत्र्याचा दोष नव्हता. दोष प्रौढ शिक्षणाचा होता. आदल्या दिवाळीनंतर गावात वर्ग सुरू झाला आणि एकावन्नाव्या वर्षी मी पाटी हातात घेतली. लहानपणी वाचायला शिकलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. तो फळ्याजवळून सरळ निघून जातो. माझं तसं होईना. मी दिसेल ते वाचत सुटलो होतो. खताचं पोतं, काडीपेटी, एस.टी.ची पाठ, हिवतापवाल्यांनी भिंतीवर गेरूनं लिहिलेल्या तारखा. त्या सकाळी हळदीची बोटं लावलेल्या लग्नपत्रिका घेऊन मी निघालो, तर पंचायतीच्या विहिरीजवळ नवा फळा. 'येथे कपडे धुऊ नये.' 'येथे' झालं. 'कपडे' झालं. 'धुऊ'पाशी अडकलो. एक उकार खाली लोंबकळतो आणि दुसरा ऊ स्वतः शेजारी येऊन बसतो, असं दोघांनी मिळून एका शब्दात राहणं मास्तरांनी अजून शिकवलं नव्हतं. नीट दिसावं म्हणून मी एक पाऊल मागे सरलो. मागे कुत्रा झोपला होता.

पोटरीला चार दात लागले. पत्रिका विहिरीभोवतीच्या चिखलात पडल्या. कुत्रा केकाटत पळाला आणि मी तिथेच बसलो. फळ्यावरचा शेवटचा शब्द 'नये' होता, हे मी बसल्या बसल्या वाचून घेतलं.

पहिला धावून आला तो शेजारचा सोमाजी. सोमाजीला जन्मात कधी साधी सर्दी झालेली नाही, त्यामुळे त्याच्याजवळ प्रत्येक दुखण्यावर उपाय असतो. त्यानं जखमेत लाल मिरचीची पूड भरली. मग म्हणाला की कुत्रा चावलेल्या माणसानं सात विहिरींत तोंड पाहावं लागतं. आमच्या गावात विहिरी पाच. मी लंगडत पाचही विहिरींत डोकावलो. त्यातली एक वैशाखामुळे कोरडी होती, तर ती धरायची की नाही यावर चावडीजवळ चर्चा झाली आणि अखेर धरायची नाही असं ठरलं. उरलेल्या तीन विहिरींसाठी शेजारच्या गावाला जावं लागलं. तिथं लोक विचारत, काय पडलं जी विहिरीत? मी सांगत असे, काही नाही, असंच. लग्न तोंडावर आलेला मुलीचा बाप गावोगावच्या विहिरींत वाकून पाहतो आहे, यावरून लोकांनी काय अर्थ काढला असेल तो त्यांनी त्यांच्यापाशी ठेवला.

माझी बायको गोदावरी. तिनं हे सगळं शांतपणे होऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी मला एस.टी.त बसवून मोठ्या रस्त्यावरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मिरची धुऊन काढली, विहिरींचं ऐकून घेतलं आणि विचारलं, कुत्रा कुठे आहे? मी म्हटलं, गावात आहे. मग त्यांनी नियम सांगितला. कुत्रा चावल्यापासून दहा दिवस नजरेखाली ठेवायचा. दहा दिवस जगला तर तो पिसाळलेला नव्हता, आणि मला काही होणार नाही. मेला किंवा पळून गेला तर चौदा सुया, रोज एक, बेंबीच्या भोवती. कंपाउंडर भैय्यालाल तेव्हा पलीकडे स्टोव्हवर पितळी गंजात सुया उकळत होता. त्यातली एक त्यानं चिमट्यानं वर काढून मला दाखवली. त्याला कोणी दाखवायला सांगितलं नव्हतं.

दहावा दिवस म्हणजे लग्नाचा दिवस.

इथं माझी अडचण नीट समजून घ्या. सुयांची भीती होती, ती मी नाकारत नाही. पण खरी भीती वेगळी होती. कुत्रा मेला असता तर गावभर झालं असतं की यादोरावला पिसाळलेला कुत्रा चावला. ते आसगावला व्याह्यांच्या कानी गेलं असतं. पिसाळू पाहणाऱ्या माणसाच्या मांडीवरून मुलगी कोण घेणार? लग्न पुढे गेलं असतं आणि पुढे मृग लागला की भाताची रोवणी, म्हणजे वर्षाची गोष्ट. मंदाच्या हातात तेव्हा हिरवा चुडा भरायचा बाकी होता एवढंच. त्या विहिरीवरच्या कुत्र्याच्या जिवाला माझ्या मुलीचं लग्न बांधलेलं होतं.

गावात परत आलो तेव्हा कुत्रा पिंपळाखाली पडलेला होता. पहिल्यांदाच मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पिवळा रंग, पण निम्म्या अंगावर खरजेमुळे रंगच नाही. एक कान अर्धा. मागचा पाय कुठल्यातरी ट्रकनं वाकवलेला. बरगड्या मोजता येत होत्या, आणि नुकतंच गणित शिकत असल्यामुळे मी मोजल्याही. पिसाळायची ताकद या कुत्र्यात नव्हती. तो नुसता उन्हानंच मरणार होता.

सोमाजी म्हणाला, "भाऊ, हा दहा दिवस काही काढत नाही. दुसरा एखादा धट्टाकट्टा बांध आणि तोच चावला मनून सांग. कुत्र्याले कोण विचारते?"

हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. पण गोदावरी तोवर हातात भाताचा गोळा घेऊन पुढे गेली होती. तिनं 'यू यू' केलं आणि जो कुत्रा कोणाला जवळ येऊ देत नव्हता तो शेपटी हलवत तिच्या मागे आमच्या आवारात शिरला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पोटरी धरून चालत होतो.

मग कुत्र्याचा संसार सुरू झाला. लग्नघरी सावलीची एकच चांगली जागा असते, पाण्याच्या रांजणाजवळची. ती त्याला गेली. तिथं लू लागू नये म्हणून चार बल्ल्या रोवून जांभळीच्या डहाळ्या टाकल्या. म्हणजे मुलीच्या मांडवाआधी आमच्या दारात मांडव पडला तो कुत्र्याचा. खाली ओलं पोतं, ते दर तासाला भिजवायचं. खीर करायला ठेवलेलं दूध सकाळ-संध्याकाळ त्याला. खरजेला करंजीचं तेल आणि गंधक. तेल मी चोळायचो, कारण, गोदावरी म्हणाली, चावला तुमालेच आहे, आता तुमचीच ओळख. दुसऱ्या दिवशी त्यानं मला हात लावू दिला. तिसऱ्या दिवशी तेल लावताना तो झोपी गेला. माझे वडील असेपर्यंत त्यांचे पाय मी इतके चोळले नव्हते.

माझ्या स्वतःच्या तब्येतीवरही नजर होतीच. पिसाळलेला माणूस पाण्याला भितो असं ऐकलेलं होतं, म्हणून मी दर थोड्या वेळानं तांब्याभर पाणी पिऊन पाहत होतो. त्यामुळे दिवसभर मी एक तर कुत्र्यापाशी असे, नाही तर आवाराच्या मागे.

आणि मी वही घातली. डॉक्टर म्हणाले होते, रोजची हकिकत सांगा. मी म्हटलं, लिहूनच नेतो. तोवर मी वर्गात 'कमल नमन कर' एवढंच लिहिलं होतं. माझ्या हातानं, माझ्या मनातलं, असं पहिलं वाक्य मी जन्मात लिहिलं ते हे: 'आज कुत्रा जिवंत आहे.' दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. अक्षर सुधारलं होतं.

पाचव्या दिवशी वही घेऊन मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर दौऱ्यावर होते. भैय्यालालनं वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, कुत्रा जिवंत आहे असं कोणाचं म्हणणं आहे? माझं, मी म्हटलं. त्यानं समजावलं की मी रोगी आहे आणि रोग्याचं म्हणणं दप्तरात चालत नाही. गुरांच्या दवाखान्याचा दाखला पाहिजे. गुरांच्या दवाखान्यातले बाबू चांगले होते. त्यांनी पाणी दिलं. मी ते पूर्ण प्यालो, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, कुत्रा पाहून दाखला देऊ, पण आमच्या रजिस्टरात जनावर मालकाच्या नावावर चढतं. मालक कोण? मी म्हटलं, कोणी नाही. मग ग्रामपंचायतीचा दाखला आणा.

आमचे ग्रामसेवक वासुदेवराव. त्यांना कोणतीही गोष्ट दोन्ही बाजूंनी समजावून सांगण्याची सवय होती. ते म्हणाले, बेवारस म्हणून दाखला देता येईल. पण बेवारस जनावर पंचायतीचं होतं, आणि पंचायतीचं जनावर मी घरी बांधून ठेवलं आहे असं दिसेल, त्याबद्दल मला नोटीस काढावी लागेल. ती नोटीस तेच काढणार होते आणि आणूनही तेच देणार होते. तेव्हा सगळ्यात सोयीचं म्हणजे मी कुत्रा माझा म्हणून लिहून द्यावा. नाव काय, त्यांनी विचारलं. नाव नाही, म्हणालो. रंग विचारला, पिवळा म्हणालो. त्यांनी नावाच्या जागी 'पिवळ्या' लिहून टाकलं.

"अंगठा करता का, यादोराव?"

"सही करतो," मी म्हणालो.

आजवर सातबाऱ्यापासून सोसायटीपर्यंत सगळीकडे माझा अंगठा होता. सही मी मंदाच्या लग्नाच्या कागदासाठी राखून ठेवली होती. ती त्या दिवशी कुत्र्यावर झाली.

संध्याकाळी बायजाबाई आली. आमच्या मागच्या घरची. हातात एक फडकं, त्यात कोंबडीची पिसं. दिवाळीपासून पिवळ्यानं तिच्या तीन कोंबड्या नेल्या होत्या आणि ती पिसं तिनं मालक सापडेल या आशेवर जपून ठेवली होती. मी म्हटलं, बाई, तेव्हा तो माझा नव्हता. ती म्हणाली, "अंगठा असता तं आमी मनलं असतं, अडाणी माणसाले फसवलं. तुमी तं वाचून सही केली जी." तिच्यामागून एकाची चामड्याची चप्पल आली, एकाची बारशातली पुऱ्यांची टोपली आली. पिवळ्या सगळ्यांकडे पाहत शेपटी हलवत होता. बहुतेकांना ओळखत असावा. बायजाबाईची चौथी कोंबडी मी विकत घेतली, तिचा रस्सा केला आणि त्यालाच पाजला, कारण त्या दिवशी त्यानं दूध तोंडात घेतलं नव्हतं. ती एक कोंबडी त्यानं रीतसर खाल्ली.

सातव्या दिवशी, सांगून ना सवरून, आसगावहून व्याही आले. केवळराम त्यांचं नाव. उंच, कमी बोलणारे, मिशा अशा की त्यांच्यामागे ते हसताहेत की रागावलेत ते कळत नसे. वऱ्हाडाच्या बैलबंड्या किती येतील ते सांगायला आले होते. आवारात शिरले आणि त्यांच्या नजरेला आधी पडला तो जांभळीचा मांडव, त्याखाली ओल्या पोत्यावर लोळणारा, तेलानं चकाकणारा खरजुला कुत्रा, आणि पंख्यानं वारा घालणारा मी.

गोदावरीनं सावरलं. म्हणाली, रस्त्यावर मरत पडला होता जी, यांच्यानं पाहवलं नाही. मी लंगडत उठलो, त्याबद्दल तिनं काटा मोडल्याचं सांगितलं. केवळरामांनी वाकून कुत्र्याची खरूज पाहिली. मग म्हणाले, "मुक्या जनावराले इतकं करते त्या घरची पोरगी आमच्या घरी येऊन राहिली. माही काळजी मिटली."

मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली. ते गेल्यावर मी वहीत त्या दिवशीचं वाक्य लिहायला बसलो आणि पहिल्यांदा मला ते लिहिताना लाज वाटली. पिवळ्यानं तोवर माझ्या चांगल्या पायावर डोकं ठेवलं होतं.

आठवा, नववा दिवस बरा गेला. दहाव्या दिवशी सकाळी मंदाला हळद लागली, मला नवं धोतर नेसवलं आणि वाजंत्री आली. पहिली थाप पडली तसा पिवळ्या उभा राहिला, दोर तोडला आणि वाकड्या पायानं असा पळाला की सोमाजी, जो दहा दिवस 'हा मरतो' म्हणत होता, तोच म्हणाला, भलताच तयार झाला लेक.

लग्नघर सोडून अर्धं गाव कुत्र्यामागे. आचारी झारा घेऊन गेला. मी पिंपळाखाली पाहिलं, विहिरीवर पाहिलं. दुपार कलली. वऱ्हाड कधीही येणार होतं. पळून गेला तरी चौदा सुया, हे माझ्या कानात वाजत होतं. पण खरं सांगायचं तर मी सुयांचा विचार करत नव्हतो. तो या उन्हात कुठे पडला असेल, आणि त्याचं पोतं कोण भिजवणार, हे मनात येत होतं.

कोणीतरी तळ्याकडे बोट दाखवलं. वैशाखात आमचं तळं आटतं, मध्ये फक्त गाळ उरतो. त्या गाळात काहीतरी पिवळं आडवं पडलेलं होतं आणि हलत नव्हतं. सोमाजीनं डोक्याचा दुपट्टा काढला.

"गेला, भाऊ," तो म्हणाला.

मी नव्या धोतरानिशी गाळात उतरलो. गुडघा बुडाला, मग मांडी. जवळ गेलो, हाक मारली. पिवळ्यानं एक डोळा उघडला, गाळात शेपटी दोनदा आपटली आणि पुन्हा मिटला. त्याला गार वाटत होतं, बस. दहा दिवस मी ओली पोती घालून जे करू पाहत होतो ते त्याला इथं फुकट मिळालं होतं.

मी त्याला खांद्यावर घेतला. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला दोनच वेळा झाला असेल आणि त्यातला एकही अशा वासाचा नव्हता. तळ्याच्या मातीच्या पाळीवर चढलो, तर समोर वऱ्हाडाच्या बंड्या. आमच्या गावाचा रस्ता तळ्याच्या पाळीवरूनच येतो. पहिल्या बंडीत केवळराम, फेटा बांधून. मी कमरेपर्यंत काळा, खांद्यावर कुत्रा, आणि कुत्रा माझ्या कानामागचा गाळ चाटतो आहे.

अजूनही निभावलं असतं. दयाळू माणूस म्हणून माझं नाव झालेलंच होतं. पण पंगतीला बोलावलेला भैय्यालाल नेमका तेव्हा सायकलवरून आला, उतरला, आणि सगळ्या वऱ्हाडापुढे म्हणाला, "दहावा दिवस आणि कुत्रा जिता. वाचले तुमी, यादोराव. आता पिसाळत नाही."

वऱ्हाडापुढच्या वाजंत्रीवाल्यांनाही कळलं असावं, कारण तेही थांबले.

केवळराम बंडीतून उतरले. कधी चावला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, विहिरी, सही, बायजाबाईची पिसं. दया वगैरे काही नव्हती जी, मी म्हटलं, पोट वाचवायचं होतं आणि पोरीचं लग्न. मंदा मांडवात उभी असेल, हळदीच्या अंगानं, आणि तिच्या बापानं तळ्याच्या पाळीवर तिचं लग्न मोडलं, असं वाटून माझ्या घशाला कोरड पडली. पाणी प्यावंसं वाटत होतं, म्हणजे निदान त्या बाबतीत सगळं ठीक होतं.

केवळरामांनी अंगरख्याचे बंद सोडले आणि बेंबीजवळ बोट ठेवलं.

"चौदा," ते म्हणाले. "सन त्रेसष्ट. कुत्रा तिसऱ्या दिवशी मेला माहा. कोणी सांगितलं असतं तं मी त्याले पालखीत बसवलं असतं. पण मी तुमच्यासारखा खांद्यावर घेतला असता काय, ते नाही सांगता येत." मग बंद बांधले. "चला आता. मुहूर्त कायले चुकवता?"

मिशांमागे ते हसत होते. तेव्हा मला ओळखू आलं.

कन्यादान मी सोमाजीच्या धोतरावर केलं. ते मला आखूड होतं.

अकराव्या दिवशी पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मी पिवळ्याच्या गळ्यातला दोर काढला आणि आवाराचं फाटक उघडलं. नियम संपला होता. तो फाटकापर्यंत गेला, रस्त्याकडे पाहिलं, परत येऊन जांभळीच्या वाळलेल्या मांडवाखाली बसला. मी त्याला जा म्हटलं.

"कायले हाकलता?" गोदावरी म्हणाली. "कागदावर तुमचं नाव आहे. आणि सांगू काय, वर्षभर मीच त्याले विहिरीवर भात नेऊन देत होती. त्या सकाळी तो माहीच वाट पाहत झोपला होता. मले उशीर झाला."

म्हणजे तिला उशीर झाला नसता तर कुत्रा जागा असता आणि मला चावला नसता. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, तुमी समोर पाहून चालले असते तरी नसता चावला. मंदा नसलेल्या त्या घरात त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

पिवळ्याची खरूज गेली, पाय वाकडाच राहिला. तो दर उन्हाळ्यात तळ्यात जाऊन पडे आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी नवा माणूस धावत येऊन मला सांगे की तुमचा कुत्रा मेला. बायजाबाईच्या कोंबड्या त्यानं आणखी दोन नेल्या. त्या मी भरून दिल्या. वही मी चालूच ठेवली, रोज नाही, सणावाराला. पाच वर्षांत मोठी वाक्यं यायला लागली.

गोदावरी एकोणीसशे पंच्याऐंशी साली पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी, तापानं वारली. पिवळ्या एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मार्गशीर्षात सकाळी रांजणाजवळ मेला.